‘खाली’ लिहिलेली फ्लॉपी

टिण्ण.

स्टीलच्या वाटीत स्क्रू पडला. रविवारची सकाळ उजाडल्यापासून त्या घरात झालेला हा पहिला आवाज. पेपरामागून अनिमेषनं मान वर केली नाही, पण पान उलटायचं थांबलं, आणि तेवढ्यावरून मुक्ताला कळलं, आता काहीतरी येतंय.

"ऋता," तो लेकीला म्हणाला, "आईला सांग, त्या मशीनचे स्क्रू जपून ठेव म्हणावं. आजोबांनी एकही कधी हरवू दिला नव्हता."

"बाबांना सांग," मुक्ता म्हणाली, "वीस वर्षं मशीन माळ्यावर होतं. माळ्यावर स्क्रू हरवायला जाणार कुठं?"

ऋता दोघांच्या मधोमध पालथी पडून चित्र रंगवत होती. निरोप पोचवायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. दोघं एकाच खोलीत असतात, दोघांना कान आहेत. ती नुसतं "सांगितलं" म्हणायची आणि रंग भरत राहायची.

हे असं अडीच महिने चाललं होतं. झालं होतं ते एवढंच की एका कॉलेजातून फोन आला होता. मुक्ता इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमावाली. लग्नाआधी प्रयोगशाळेत शिकवायची. ऋता झाली आणि ते सुटलं ते सुटलंच. आठ वर्षांनी तिनं एक अर्ज केला आणि सवयीनं त्यावर नवऱ्याचा नंबर लिहिला. मुलाखतीची तारीख सांगणारा फोन अनिमेषला आला, बँकेत, ऐन गर्दीत. "कळवतो" म्हणाला आणि विसरला. तारीख उलटून चार दिवसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघरात जाता जाता त्याला आठवलं.

"अगं, तुझा एक फोन आला होता."

त्यानंतरचं भांडण वरच्या मजल्यापर्यंत गेलं. तो म्हणे चूक झाली. ती म्हणे, चूक दुधाची पिशवी विसरण्याला म्हणतात. याला मुद्दाम म्हणतात. "मुद्दाम" हा शब्द तिनं त्याच्या अंगावर असा फेकला की तो आजतागायत दोघांच्या मध्ये पडून होता आणि उचलायला कुणी वाकत नव्हतं.

पेटीची कल्पना ऋताची. सिगरा भागातल्या मॉलमध्ये तिनं एक उभी, व्हिडिओ-गेमची पेटी पाहिली होती, दांडीची, जाड लाल बटणांची. वाढदिवसाला तसलीच हवी म्हणून हटून बसली. मुक्ता म्हणाली, "मी बनवते." म्हणाली आणि स्वतःच चपापली. पण हात अजून गंजलेले नाहीत, हे तिला कुणाला तरी दाखवायचं होतं. कुणाला, ते समोर पेपर वाचत होतं.

तिच्यात बसवायचं मशीन सासऱ्यांचं. बिंदुमाधवशास्त्री चार वर्षांपूर्वी गेले. दुर्गाघाटाच्या गल्लीतला जन्म, संस्कृतचे अध्यापक, आणि पन्नाशीत डॉसवाला कम्प्युटर घरी आणून स्वतःच शिकलेले. माणूस हुशार, पण जिभेला धार. मुक्ता रेल्वे कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. जेवताना ती "चम्मच" म्हणाली की शास्त्रीबुवांचा घास हवेत थांबायचा. "सूनबाई, तुमची मराठी म्हणजे कचोरीत श्रीखंड." मग सगळे हसायचे. अनिमेषही हसायचा. त्यातलं एकही हसू ती विसरली नव्हती.

प्लायवूड कापून घ्यायला ती पूल ओलांडून रामनगरला गेली. तिथल्या सुताराला तिनं कागदावर काढून दिलं होतं : इथं पडदा, इथं दांडी, इथं सहा बटणं. चार दिवसांनी पेटी तयार झाली तेव्हा तो म्हणाला, "ई का बनत हौ भाभीजी, मंदिर न? हम त घंटी टाँगे बदे छेद कर देले हईं." घंटी टांगायला पाडलेल्या त्या भोकातून तिनं पुढं वायर काढली.

काम मात्र तिनं सुरेख केलं. दुपारी ऋता शाळेत, अनिमेष बँकेत, तेवढेच तास तिचे. जुना कीबोर्ड उघडून आतली सर्किटची पाटी काढली, एकेका बटणाची वायर एकेका कळेच्या जागी डाग देऊन जोडली. तीन बटणं एकदम दाबली की चौथं मरायचं. मग कुठली बटणं एकत्र दाबली जातात याचा विचार करून वायरी परत फिरवल्या. पहिल्यांदा दांडी ढकलल्यावर पडद्यावरचा ठिपका सरकला तेव्हा रिकाम्या घरात ती एकटीच मोठ्यानं "हां!" म्हणाली.

लॅपटॉपवरचे खेळ जुन्या मशीनमध्ये न्यायचे तर फ्लॉपी हवी. लंका बाजारात तीन दुकानं पालथी घातली. एकजण म्हणाला, "मैडम, उसका नाम मत लीजिए, बुढ़ापा याद आता है." घरी आली आणि मशीनचं प्लॅस्टिकचं कव्हर झटकलं, तर कव्हराच्या कप्प्यातून एक काळी फ्लॉपी घसरून पडली. वर चिकटवलेल्या पट्टीवर सासऱ्यांची निळी शाई, तेच ठसठशीत, कुणाचीही पर्वा न करणारं अक्षर : खाली.

चला, मुक्ताला वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटी एक तरी वस्तू माझ्या उपयोगाची ठेवली. तिनं फ्लॉपी आत सरकवली, पुसून टाकायचा हुकूम टाइप केला, वरवरचा नाही, पुरता पुसणारा. मशीननं विचारलं, तयार असाल तर एंटर दाबा. तिनं दाबलं. खर्र खर्र करत ड्राइव्ह फिरत राहिला आणि ती तोवर भाजी निवडायला गेली.

ही बुधवारची गोष्ट. आज रविवार, आणि मॉनिटर पेटीत चढवायचा होता. जुना काचेचा मॉनिटर. एकटीनं उचलण्यासारखा नव्हताच. मुक्तानं दोनदा उचलला, दोनदा खाली टेकवला. तिसऱ्यांदा पेपर बाजूला झाला.

"सोड. पाठ मोडून घेशील."

अडीच महिन्यांत थेट तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ऋतानं रंगकांडी थांबवली.

"डावीकडून धरा," मुक्ता म्हणाली.

"डावीकडे काठ कापतोय."

"मग कापडानं धरा. बँकेत नोटा धरता तसं नका धरू."

मॉनिटर बसला. पेटीचा पुढचा भाग लागला. मुक्तानं बटण दाबलं, मशीननं टूं केलं आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं चढत गेली. अनिमेष वाकून बघत राहिला. त्यानं लाल बटणावरून अंगठा फिरवला, वायर निघालेल्या भोकात डोकावला.

"हे सगळं तू केलंस?"

"नाही. सुतारानं केलं, घंटी टांगायला."

तो हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा आत गेला आणि आपल्या टेबलाच्या खणातून एक फ्लॉपी घेऊन आला. "बाबांनी माझ्यासाठी खेळ लिहिला होता. नावेचा. मी सहावीत होतो. चालेल का गं यावर?"

"चालवून बघा."

चालला. निळ्या पडद्यावर पांढरी टोकदार नाव. पंचगंगा घाटापासून निघायचं, प्रवाहाच्या उलट अस्सी घाटाला पोचायचं. मध्ये पोहणाऱ्या म्हशी, आडवे येणारे बजडे म्हणजे मोठ्या नावा, आकाशातून लोंबणारा पतंगाचा मांजा. शिंदे घाट गेला. मणिकर्णिकेसमोर नाव आपोआप मंद झाली. कितीही बटणं दाबा, वेग वाढेना.

"बाबा, अटकलं!" ऋता ओरडली.

"अडकलं नाही. तिथं घाई करायची नाही, असा आजोबांचा नियम."

म्हशींना चुकवत तो आणि ऋता आळीपाळीनं दांडी हाणत होते. मुक्ता हात पुसत मागं उभी राहिली. त्याच्या मानेवर घाम होता, शर्टाची मागची घडी विस्कटली होती, आणि कितीतरी दिवसांनी तिला त्या मानेचा राग आला नाही. चहा टाकावा, तिला वाटलं. तिघांचा.

"मी कधीच अस्सीपर्यंत पोचलो नाही," अनिमेष दांडी न सोडता म्हणाला. "बाणाच्या कळांनी जमायचंच नाही. पुढचा भाग बाबांनी वेगळ्या फ्लॉपीवर ठेवला होता. मागितली की म्हणायचे, आधी अस्सी गाठ, मग देईन. त्यात तुझ्यासाठी काहीतरी लिहिलंय, म्हणायचे. पुढं मी हॉस्टेलला गेलो... राहिलंच. आज पोचतो बघ. तुझ्या दांडीनं पोचतो."

आणि पोचला. मशीननं तीन सुरांची बारीक शिट्टी मारली. ऋतानं टाळ्या पिटल्या. पडद्यावर रोमन अक्षरांत एक ओळ आली. अनिमेषनं ती मोठ्यानं वाचली.

"शाबास अनिमेष. वर झालं. आता खाली."

त्यानं हातातली फ्लॉपी उलटी करून मुक्ताला दाखवली. निळ्या शाईत लिहिलं होतं : वर.

"दुसरी मशीनबरोबरच असेल. कव्हरात वगैरे. 'खाली' लिहिलेली. पाहिलीस का?"

मुक्ताच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. पेटीच्या कडेला, तिनंच ठेवलेली, ती फ्लॉपी होती. अनिमेषनंच ती पाहिली आणि झडप घालून उचलली. आत सरकवली. खर्र झालं. यादी आली : तिनं भरलेले खेळ, एकाखाली एक. बाबांचं काही नाही.

"मला वाटलं," मुक्ता म्हणाली, "खाली आहे. म्हणजे... रिकामी."

त्यानं यादी वरपासून पुन्हा एकदा वाचली.

"परत येईल?"

"नाही. पूर्ण पुसलीय. वर दुसरं भरलंय."

"उघडून नाही बघितलंस? डी-आय-आर. आत काय आहे ते दाखवणारी तीन अक्षरं. पहिल्या तासाला शिकवायचीस ना पोरांना?"

"खाली लिहिलेल्या डब्यात कुणी हात घालून बघतं का?"

"शास्त्रीबुवांच्या घरात खाली म्हणजे रिकामी?" त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तेच वाईट होतं. "आयुष्यात एक हिंदी शब्द ज्या माणसानं कागदावर लिहिला नाही, तो लेबलावर लिहील?"

"मला काय माहीत ते काय लिहितील! मला तर ते कचोरी म्हणायचे."

"म्हणून पुसलंस."

"चूक झाली."

"चूक?" तो वळला. "चूक कशाला म्हणतात गं? दुधाच्या पिशवीला ना?"

"तुम्ही तो हिशेब इथं आणू नका."

"मी आणतोय? अडीच महिने या घरात माझी चूक कुणी चूक मानली नाही. आता तुझी मी मानू?"

"मानू नका! तसंही मी इथं आठ वर्षं रिकामीच होते. माझ्यावर फक्त लेबल लावायचं राहिलं होतं."

"वा. बोलायला मराठी येते मग. वाचायलाच तेवढी येत नाही."

तिनं फडकं जमिनीवर आपटलं. त्यानं 'वर'ची फ्लॉपी काढून खिशात टाकली, छातीजवळच्या, आणि बाल्कनीत जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. खाली रस्त्यावर ई-रिक्षावाले कशावरून तरी एकमेकांची आयमाय काढत होते. त्यांचं भांडण निदान मिटण्यासारखं वाटत होतं.

मुक्ता पेटीसमोरच बसली. खरंच चूक झाली होती. बुधवारी दुपारी तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. तिनं शब्द वाचला, आनंदली, एंटर दाबलं. हे ती देवावर हात ठेवून सांगू शकली असती. तिला फक्त हवं होतं की त्या बाल्कनीतल्या पाठीनं ते मानावं. आणि ज्या तोंडानं तिनं त्याला मुद्दाम म्हटलं होतं, त्याच तोंडानं हे मागायचं कसं, ते तिला समजत नव्हतं.

ऋता जवळ आली. आईच्या मांडीवर रेलली, गालावरून हात फिरवला. तिच्या बोटांना मेणाच्या रंगाचा वास होता. मुक्तानं तिला घट्ट धरलं.

"रडू नकोस, आई. बाबा म्हणतात तू जानबूझके केलंस. तू म्हणतेस गलतीनं."

"गलतीनंच, बाळा. शब्द एक, अर्थ दोन. हिंदीत खाली म्हणजे रिकामं."

"मला माहितीये. शाळेत आम्ही तेच म्हणतो." ऋतानं फ्लॉपी ड्राइव्हमधून काढली, ते निळं अक्षर बोटानं गिरवलं आणि विचारात पडली. बाल्कनीतली पाठ हलली नाही, पण ऐकत होती, हे दोघींना कळत होतं. "पण आई, तू घरात तसं म्हणतच नाहीस. तू म्हणतेस डबा रिकामा कर. बाटली रिकामी आण. आणि पलंगावर नाचले की म्हणतेस, खाली उतर. रोज म्हणतेस."

"हो."

"मग आजोबांचं अक्षर बघून," तिनं मान वर करून, अगदी सरळ, काहीही मनात न ठेवता विचारलं, "तेव्हाच तुला हिंदी कशी आठवली?"