सहावं चाक रिकामं आहे

माझ्यामुळं? माझ्यामुळं गेम बुडाला म्हणतोस?

तोंड सांभाळ, मुकादमा. चर्चेच्या पानावर सगळ्यांच्या देखत लिहिलंस, "त्या भिकार दरवाजानं वाट लावली. उघडायला सहा माणसं लागतात. कुठून आणायची सहा माणसं? गेम मेला. आपापल्या घरी जा." लिहिलंस आणि ढुंगण झटकून उठलास. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मला त्या पानावर लिहिता येत नाही. पण मुका नाही मी. आता गप बसून ऐक. बाकीच्यांनी पण ऐका.

मी वेशीचा दरवाजा बोलतोय. माणसं आपापल्या घरी बसून, कोण फोनवर, कोण कॉम्प्युटरवर, एकाच मुलखात एकत्र खेळतात ना, तसल्या ऑनलाइन गेममधला दरवाजा. हात लावशील तर काच लागेल, लाकूड नाही. पण चार गावची माणसं माझ्यासमोर भांडली, हसली, लग्नं जमवून गेली. खऱ्या दाराला एवढं कुठं बघायला मिळतं?

मला सुतारानं केला नाही. कंपनीतल्या एका पोरीनं चित्र काढलं. तिच्या आजोबांच्या गोठ्याचं दार तिच्या डोक्यात होतं, तेच काढलं. कडी तशीच, खालची कुजकी फळी तशीच. माझी करकर पण त्याच दाराची आहे, तिनं जाऊन भरून आणली. म्हणून माझं बोलणं हे असं, गोठ्याच्या दाराचं. गोड लागत नसेल तर कान बंद कर.

माझ्या अलीकडं माळरान आणि पलीकडं समुद्र. निळा, मोठा, बघत राहावं असा. मी वर उचलला जातो. बाहेरच्या अंगाला चाकं आहेत, ती फिरवून धरली की मी वर, सोडली की धाडकन खाली. म्हणजे जो चाक धरतो तो बाहेरच राहतो. मग आत गेलेल्यानं काय करायचं? आतल्या अंगाला एक हलकं चाक आहे, ते फिरवायचं आणि बाहेरच्यांना आत घ्यायचं. ही सक्ती कुणी केली नव्हती. माणसांनी आपणहून पाडलेली रीत होती. आधी तू, मग तुझ्यामुळं मी.

तेव्हा चाकं दोनच होती, विसरलास का? आणि ताल चुकला तरी मी सांभाळून घ्यायचो. नवखा असू दे, आंधळा असू दे, चालायचं. दिवसभर माझ्यापुढं जत्रा. कुणी "अहो दादा, जरा धरता का?" म्हणायचं, आणि कुणीतरी धरायचंच.

सगळ्यात जास्त कोण धरायचं, सांग. डायव्हरकाका. जन्मभर ट्रक चालवला त्या माणसानं. बंदरावर माल न्यायचा, पण गेटबाहेर उतरवायचा आणि तिथूनच गाडी वळवायची. एवढ्या खेपा केल्या, पण समुद्र बघितला नाही. गेममध्ये आले ते त्याच्यासाठीच. पण स्वभाव असा की समोर कुणी नवखं दिसलं की म्हणायचे, "जा बाबा, तू हो पुढं, मी काय, उद्या जाईन." आणि चाक धरायचे. आतून कुणी मला उचलून धरलं, तरी मागच्या नवख्यालाच पुढं घालायचे.

एक दिवस एक येडंगबाळं आलं. तलवार उलटी धरलेली, टोपी डोळ्यावर. माझ्या फळीला धडका मारत होतं. काका म्हणाले, "अरे लेका, दार आहे ते, बैल नाही. थांब, मी धरतो." दुसरं चाक कुणा वाटसरूनं धरलं आणि ते येडंगबाळं आत गेलं. समुद्र बघून ओरडलं, "आयला, काका!" आणि पळत सुटलं. आतलं चाक फिरवायचं भान राहिलं नाही. काका बाहेर. वर हसले, "पोरगं खूश झालं."

ते येडंगबाळं कोण होतं, मुकादमा? का मीच सांगू?

पुढं तू मोठा झालास. टोळी जमवली, काकांचं नाव पण तीत घातलंस, लोक मुकादम म्हणायला लागले. मग तुला आणि तुझ्या टोळीला माझ्यापुढची गर्दी खुपायला लागली. "कुणीही सोम्यागोम्या समुद्रावर येतो. लिंबूटिंबूंनी घाण केली." कंपनीकडं ओरडा केलात, दरवाजा जड करा, कसलेली माणसंच आत यायला पाहिजेत. जुनी माणसं ओरडली की कंपनीला खरं वाटतं. एका सकाळी मला दोनाची सहा चाकं लावली. ताल असा घट्ट केला की एकाचा हात चुकला तर मी आपटायचो. मला कुणी विचारलं? त्या पोरीला विचारलं? ती तर कधीच नोकरी सोडून गेली होती.

तुम्ही मात्र नाचलात. मी स्वतः ऐकलंय. मला दिसत नाही तुमच्या घरातलं, पण तुम्ही बोलायला कानाला लावता ना, त्यातून सगळं ऐकू येतं. तुझी बायको मागून म्हणाली, "झालं का दार जड? आता आपल्या फ्रिजचं दार लागत नाही, ते बघ." शहाणी बाई.

मग नवखे यायचे, माझ्यापुढं ताटकळायचे, "कुणी धरतं का?" विचारायचे. तुमची टोळी म्हणायची, "आधी शिकून ये." कुठं शिकायचं? आईच्या पोटात? ते बिचारे गेले. नवखे गेले म्हणून दुकानं थंड पडली. दुकानं थंड पडली म्हणून तुझे गडी कंटाळले. एकाचं लग्न झालं, एकाला दुसरा गेम सापडला, दोघं तुझ्याशीच भांडून गेले. आणि एक दिवस तुझ्याच टोळीला सहा हात मिळेनात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

आणि वर शिव्या मला!

एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण काकांचं काय केलंस ते मी गिळणार नाही. त्यांना मध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात थरथरतो, पाय तर अंथरुणालाच लागले. तरी काका आले, म्हणाले, "आज मी पण धरतो." धरलं. ताल चुकला. मी आपटलो. तू म्हणालास, "कुणाच्या घरचं म्हातारं आहे हे? हाकला आधी."

काका म्हणाले, "अरे, पहिल्यांदा तुला मीच आत सोडलं होतं."

"मग काय, जन्मभर पाया पडू?"

आणि टोळीतून नाव काढलंस. काकांच्या खाटेची करकर तेवढी ऐकू आली. माझ्या करकरीसारखीच.

आता कंपनीनं कळवलंय. महिनाअखेरपर्यंत दरवाजातून कुणी गेलं नाही, तर दरवाजा काढणार आणि समुद्र पुसणार. मला माझं दुःख नाही. मी गोठ्याचं दार, माझं काय! पण ज्यानं अख्ख्या मुलखाला समुद्र दाखवला, तो न बघता राहणार?

माळावर आता पाच-सहा टाळकी उरलीत. त्यातली एक इस्त्रीवाली आहे. तिला पण पहिल्यांदा काकांनीच आत सोडलं होतं. दुकानात दुपारी काम थांबलं की येते. बातमी कळली तशी पदर खोचून उभी राहिली. नणंदेला ओढून आणलं. शेजारच्या न्हाव्याला आणलं, पलीकडच्या बेकरीवाल्याला आणलं. आणि एक मुका आहे, कोण ते कुणाला ठाऊक नाही, बोलत नाही, नुसती मान हलवतो. झाले पाच. सहावा काही मिळाला नाही, तरी करून बघायचं ठरलं.

परवाच्या रविवारी दुपारी सगळे जमले. इस्त्रीवाली म्हणाली, "काका, तुम्ही चाकाला हात लावायचा नाही. तुम्ही आत जायचं. आतलं चाक हलकं आहे, सावकाश फिरवा, आम्ही थांबतो."

"अगं, पण मी धरतो, तू जा ना."

"पुरे झालं तुमचं तू जा, तू जा!"

न्हावी म्हणाला, "लवकर करा राव, गिऱ्हाईकाचं अर्धंच डोकं झालंय."

मागून गिऱ्हाईकाचाच आवाज आला, "होऊ दे, होऊ दे, दार उघडू दे आधी."

पाच जणांनी पाच चाकं धरली. बेकरीवाला ताल देत होता, हो... हो... हो... मी वर निघालो. जीव खाऊन निघालो. कुणाला वाटत असेल दाराला कसला जीव, पण निघालो. वीतभर उचललो असेन आणि सहाव्या चाकापाशी अडलो. तिथं हात नव्हता. नणंद ओरडली, "वहिनी, माझी बोटं गेली! आणि घरी दूध उतू जातंय!" आणि मी आपटलो.

मग काका हळूच म्हणाले, "फटीतून दिसलं गं. निळं आहे."

इस्त्रीवालीकडून नुसता इस्त्रीच्या वाफेचा आवाज आला.

आणि त्या वेळी टेकडीवर कोण उभं होतं, मुकादमा? "गेम मेला" लिहिणारा टेकडीवर काय करत होता? डोक्यावर नाव लटकत होतं तुझं, मी वाचलं. झाडामागं लपलास तरी नाव लपत नाही, एवढं पण कळेना का तुला?

काकांनी पण बघितलं. म्हणाले, "तो आपला मुकादम ना? हाक मारा त्याला."

नणंद फणकारली, "त्याला? हाकललं होतं ना त्यानं तुम्हाला?"

"अगं, चाकाला काय कळतं कुणाचा हात आहे ते. मार हाक."

तिनं हाक मारली. तुझं नाव विझलं. पळालास.

शरम वाटली असेल तर बरंच आहे. पण तुझी शरम मला नको. माफी पण नको, ती पानावर लिहू नकोस, वाचायला कुणी उरलं नाही. येत्या रविवारी दुपारी ते सगळे परत जमणार आहेत, महिन्यातला शेवटचा रविवार. न्हाव्यानं दुकानाला अर्धी फळी लावायचं कबूल केलंय. नणंद दूध आधीच तापवून ठेवणार आहे.

डावीकडचं शेवटचं चाक. ये आणि धर.