पोटात लोखंड असलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. रानातल्या पायवाटेला जिथे दोन फाटे फुटतात, तिथे मी उभा असतो. माझ्या छातीवर एक पाटी ठोकलेली आहे, तिच्यावर अक्षरे आहेत आणि एक बाण आहे. बाण कोणत्या बाजूला आहे ते मात्र मला विचारू नका. पाटीचे तोंड येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे असते, माझ्या वाट्याला तिची पाठ येते. त्यामुळे इतकी वर्षे वाट दाखवूनही आपण नेमके काय सांगतो आहोत, हे मला लोकांच्या चेहऱ्यांवरून ओळखावे लागते.

पूर्वी मी याच रानातले एक झाड होतो. मी कोवळा असताना इथे लढाई झाली. सकाळी एका बाजूची माणसे माझ्या आडोशाला बसायची, संध्याकाळी दुसऱ्या बाजूची. दोघांच्याही बुटांना तोच चिखल लागलेला असायचा. मी कोणाच्या बाजूचा, हे मला कोणी सांगितले नाही. मग एके दिवशी कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि माझ्या अंगात काहीतरी तापलेले घुसले. कोणी मारले आणि माझ्यावर त्याचा एवढा राग का होता, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. पुढे जखमेवर साल धरली, तुकडा आतच राहिला आणि मी वाढत गेलो.

बऱ्याच वर्षांनी वाऱ्याने माझा शेंडा मोडला, तेव्हा मला तोडून गावातल्या वखारीत नेले. मला वाटले, आता आपले टेबल होणार, कपाट होणार. वखारवाल्याने माझ्या अंगावरून एक यंत्र फिरवले आणि ते जोरात केकाटले.

"परत न्या," वखारवाला म्हणाला. "त्या रानातलं लाकूड मी घेत नाही. पोटात लोखंड असतं. करवतीचं पातं तुटलं तर भरून कोण देणार?"

ज्यांनी मला आणले होते ते रानाचे म्हातारे राखणदार हसले. म्हणाले, "मग राहू दे. करवतीला नाही चालत, पण उभं राहायला काय हरकत आहे?" त्यांनी मला कुऱ्हाडीने तासले, पाटी ठोकली आणि या फाट्यावर रोवले. ते बोलणे कौतुकाचे होते की मला नाकारल्यावर घातलेली समजूत होती, यावर मी पुष्कळ विचार केला. शेवटी कौतुकच मानून घेतले.

कामाची वर्षे चांगली गेली. उजवीकडची वाट ओढ्याकडे उतरते. तिथे लढाईच्या वेळचे खंदक आहेत, आता त्यांत नेचे वाढले आहेत. डावीकडची वाट थोडी पुढे गेल्यावर आडवी दोरी बांधून बंद केलेली आहे, कारण तिकडे जमिनीत न फुटलेले गोळे अजून पडून आहेत. एवढे मला राखणदारांच्या बोलण्यातून माहीत झाले. पण येणाऱ्या लोकांनी मला कायम बुचकळ्यात टाकले. कोणी माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात आणि खिदळतात, कोणी डोळे पुसतात. एक गृहस्थ चारी दिशांना बघून बायकोला म्हणाले, "अगं, इथे तर नुसती झाडं आहेत. लढाई कुठे झाली?" ज्या झाडाला टेकून ते विचारत होते, त्याच्या खोडातही माझ्यासारखाच तुकडा आहे. उत्तर माहीत असूनही तोंड नसणे म्हणजे काय, ते तेव्हा मला कळले.

या सगळ्यांत एक आजी मला आवडायच्या. त्यांनी आयुष्यभर कपडे शिवले. त्यांचे वडील त्या लढाईत ओढ्यापाशी मारले गेले, तेव्हा आजी पाळण्यात होत्या. पानगळ सुरू झाली की त्या दरवर्षी येत, माझ्या डोक्यावर हात ठेवून दम खात आणि पाटीकडे न बघता उजवीकडे वळत. ओढ्याकाठी थोडा वेळ बसून परत जात. वाट त्यांच्या पायांनाच पाठ होती.

मागच्या वर्षी मोठे वादळ झाले. मी बुडापासून उपटला गेलो आणि आडवा पडून राहिलो. जुने राखणदार तोवर निवृत्त झाले होते आणि नव्या वनरक्षकबाई नुकत्याच आल्या होत्या. पडलेली झाडे ओढून नेताना मजुरांनी जिकडेतिकडे नवे रस्ते पाडले होते, त्यामुळे खरी वाट कोणती ते बाईंना तेव्हा ओळखू येईना. बाईंनी कामचुकारपणा केला नाही. त्यांनी मला रोवले, नकाशा उघडला, होकायंत्र ठेवायला सपाट जागा हवी म्हणून ते माझ्याच डोक्यावर ठेवले, सुई थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग मला नीट फिरवून माती ठोकली. मला नवा रंगही दिला. माझा ऊर भरून आला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आजी आल्या. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा होता, त्याचे औषधांचे दुकान होते. दोघे माझ्यापाशी थांबले. ते आधीपासूनच काहीतरी वाद घालत आले होते.

"ताईचंही तेच म्हणणं आहे," मुलगा म्हणाला. "आता तू एकटीने राहू नकोस. घर बंद करू आणि तू माझ्याकडे ये."

"का पण?"

"गॅस चालू ठेवून झोपलीस."

"एकदा."

"परवा भाजी आणायला गेलीस आणि भलत्याच गल्लीतून आलीस."

"आपली गल्ली खणून ठेवली होती त्यांनी. उडत येऊ का?"

मुलगा हसला, पण त्याचा चेहरा काळजीचाच राहिला. "बरं. आज तूच वाट दाखव. तुला सगळं आठवतं म्हणतेस ना, बघू तरी."

आजींनी लगेच उजवीकडे हात केला. मुलाने माझ्या छातीकडे पाहिले. मग आजींकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"आई, ओढा डावीकडे आहे. इथे लिहिलंय."

आजी जवळ आल्या. चष्मा पदराने पुसून त्यांनी पाटी वाचली, बाणावरून बोट फिरवले. त्यांचा उतरलेला चेहरा मला अगदी समोर दिसला. मित्रांनो, मी तर पुरता गोंधळलो. माझ्यावर डावीकडे बाण आहे? कधीपासून? की आजीच चुकत होत्या? की ओढाच हलला? एवढ्या वादळात काय काय हलले, मला काय ठाऊक?

"लिहिलंय खरं," आजी हळूच म्हणाल्या. "मग मीच विसरले असेन."

दोघे डावीकडे गेले. मी जीव मुठीत धरून उभा राहिलो. आपण कोणाला कुठे पाठवले ते आपल्यालाच माहीत नसणे, यासारखा दुसरा छळ नाही.

बऱ्याच वेळाने पाचोळ्यात पावले वाजली. मुलगा पुढे होता आणि वैतागलेला होता. "मध्येच खाली बसलीस काय, हट्ट काय, लहान मूल आहेस का?"

"पुढे यायचं नव्हतं मला," आजी म्हणाल्या. "ओढा जवळ आला की आधी त्याचा आवाज येतो. तिथे आवाज नव्हता."

त्यांनी पुढे पाऊल टाकायला नकार दिला होता, म्हणून मुलाला परतावे लागले होते. आजी एका ओंडक्यावर बसल्या. मुलाने फोन काढला आणि बहिणीला लावला. आजींना ऐकू जाईल, याचेही त्याला भान नव्हते.

"ताई, तुझंच खरं. तिला आता वाटाही कळत नाहीत. पुढच्या महिन्यात घर रिकामं करू."

 आजी पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मला रडायला आले, पण लाकडाला रडता कुठे येते?

तेवढ्यात फेरीवर निघालेल्या वनरक्षकबाई आल्या. "आजी, कुठून येताय?"

"पाटी दाखवते तिकडून," मुलगा म्हणाला.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "तिकडे? दोरी नव्हती का आडवी?"

"एक झाड पडलंय तिथे. दोरी नाही दिसली."

"झाडाच्या पलीकडे गेलात?"

"जात होतो. हिने बसकण मारली."

"साहेब, त्याच्या पलीकडे न फुटलेले गोळे आहेत."

मुलगा ओंडक्यावर आईला खेटून बसला. बाईंनी घाईघाईने होकायंत्र काढून माझ्या डोक्यावर ठेवले. सुईने मी बरोबर असल्याचे सांगितले. त्या होकायंत्र आणि नकाशा घेऊन दूर गेल्या आणि तिथे सुई फिरली. परत माझ्याजवळ आल्या, सुई पुन्हा फिरली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"याच्या पोटात लोखंड आहे," त्या म्हणाल्या. "इथल्या प्रत्येक झाडात असतं, हे मला ठाऊक होतं. आणि मी याच्याच डोक्यावर ठेवून दिशा बघितली. आजी, तुम्ही बरोबर होतात. चूक माझी आहे."

त्यांनी मला उपटून तिथल्या तिथे उजवीकडे वळवले. माझ्या मनाचा गुंता मात्र सुटला नाही. ज्या लोखंडाने कदाचित आजींचे वडील नेले, त्याच लोखंडाने त्या दिवशी त्यांच्या मुलाला मरणाच्या दारात नेऊन ठेवले. आणि मी बरोबर असतो, तर आजींना वाट आठवते हे कोणाला कळले असते? मुलगा म्हणाला असता, पाटी वाचून सांगितलं. मग मी त्यांचे वाईट केले की भले? तुम्हाला कळले तर मला सांगा.

मायलेक ओढ्यावर जाऊन आले. मुलगा आता मागून चालत होता. माझ्यापाशी आल्यावर आजी थांबल्या.

"आता लाव फोन."

त्याने लावला. "ताई, आई बरोबर होती. पाटी चुकली होती... हो, हो, पाटी." पलीकडून काहीतरी विचारले गेले. त्याने आईकडे पाहिले आणि घसा खाकरला. "गॅस? गॅस काय, कोणाचाही राहतो. घराचं राहू दे आता."

आजींनी त्याच्या हातातून फोन घेतला. "रविवारी चहाला ये," त्या म्हणाल्या. "माझ्या घरी."

मित्रांनो, खांबांना रंग द्या, पाट्या पुसा, पडलेल्या दोऱ्या बांधा. आम्ही तुमची वाट राखतो, तुम्ही आम्हाला राखा. पण तुमच्याबरोबर एखादे म्हातारे माणूस असेल आणि ते पाटीच्या उलट बोट दाखवत असेल, तर लगेच हसू नका. आधी त्याला विचारा, तुला असे का वाटते? आणि ते उत्तर देईपर्यंत थांबा. म्हाताऱ्या माणसांना उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.