फुटपाथला चिकटून

सकाळी सव्वासात वाजता बसआगाराच्या आवारात चालकाची मुलगी उभ्या बसला लागून सायकलवर बसली होती, आणि स्टिअरिंगमागे बसलेल्या बापाला ती दिसत नव्हती.

"आलीस का?" त्याने खिडकीतून ओरडून विचारलं.

"केव्हाची! तुमच्या डाव्या बाजूला, पुढच्या चाकाशीच आहे."

त्याने आरशात पाहिलं. मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. भिंत होती, पाण्याची टाकी होती. मुलगी नव्हती.

सोमवारपासून तिला नव्या नोकरीवर सायकलने जायचं होतं. आई काही केल्या तयार होईना. शेवटी "यांची उभी हयात रस्त्यावर गेलीय, हे म्हणतील तसं" म्हणून तिने हात झटकले. बापाची अट एकच होती: फुटपाथला चिकटून जायचं. सायकलवाल्यांना हॉर्न मारमारून तो कडेलाच घालवत आला होता. कडेचा माणूस सुखरूप, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेच लेकीला दाखवायला त्याने तिला इथे आणलं होतं.

टायर तपासणारा मेकॅनिक हसला. "काका, आता या अंगाला वळलात तर घरी काय सांगाल?"

तो हसला नाही.

"पुढे ये," तो म्हणाला. "अजून. आता मध्ये घे."

बसच्या तोंडासमोर ती अख्खी दिसली, केसांतल्या क्लिपेसकट.

तो खाली उतरला. तिच्या सायकलचा ब्रेक त्याने उगाचच दाबून पाहिला.

"कडेने नाही जायचं. लेनच्या मधून जा."

"बाबा, मागचे शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्या घालणाऱ्याला तू दिसलेली असतेस."

"आणि आई?"

"तिच्याशी मी बोलतो. तू रस्ता बघ."

सोमवारी मुख्य रस्त्यावर ती त्याच्याच बसपुढे आली. मधोमध, पाठ ताठ, कसली घाई नसल्यासारखी. तो अंतर राखून मागे चालला.

"ओ ड्रायव्हरसाहेब, हॉर्न बिघडलाय का?" एक प्रवासी करवादला.

"ठणठणीत आहे."

थांबा आला. बस बाजूला घ्यावीच लागली. इतका वेळ मागे खोळंबलेली एक मोटार वळसा घालून सुसाट पुढे निघाली. त्याचा हात हॉर्नपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. लेक कडेला सरकली नव्हती. मधूनच चालली होती. तिच्या मागे थोड्या अंतरावर मोटारीचे ब्रेकचे लाल दिवे लागले.