चार बोटांचं अंतर

"बाबा, तुम्ही स्वतः कधी विमानात बसलाय का हो?"

प्रश्न धाकटीने विचारला, पण पैज मैत्रिणींची होती. त्या तिघी दुकानाच्या दाराशी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. बाबा माझ्यावरची धूळ पुसत होते. त्यांचा हात थांबला. मी मात्र सवयीने थोडा फिरत राहिलो.

मी एक जुना पृथ्वीगोल आहे, मित्रांनो. विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या या दुकानात टेबलाच्या कोपऱ्यावर उभा असतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझे समुद्र निळेशार होते आणि येणारा जाणारा मला एक गिरकी दिल्याशिवाय राहत नसे. आता समुद्र पिवळे पडलेत, कणा करकरतो. कुणी बोट लावलं की वाटतं, राहू दे बाबा, पुष्कळ झालं. आयुष्यभर फिरलो आणि टेबलावरून काही हललो नाही.

बाबांची एक रीत आहे. गिऱ्हाईक घाबरलं की ते माझ्यावर दोरा धरतात, आपल्या शहरापासून समुद्रापलीकडच्या त्या मोठ्या शहरापर्यंत. "हे बघा, चार बोटं. पाच तास. जेवून एक डुलकी काढलीत की उतरायचं." परवा एक आजी तिकीट हातात घेऊन अडून बसल्या. "जाताना साडेसात तास आणि येताना अडीचच? मग मला जातानासुद्धा परतीचंच विमान द्या." बाबांनी मला फिरवून दाखवलं. "आजी, तिथली घड्याळं अडीच तास पुढे. वाट दोन्हीकडून पाचच तासांची." दोरा घासून घासून तिथली माझी छपाई उडाली आहे.

त्याच शहरात थोरली ताई राहते. तिची लेक आता चालते, पण आजी-आजोबांनी तिला फोनवरच पाहिलं आहे. "बाबा, ती पळायला लागायच्या आत तरी या," ताई म्हणते. बाबांचं उत्तर ठरलेलं, "लांब आहे गं. सीझन संपू दे." गिऱ्हाइकाला चार बोटं आणि पोटच्या पोरीला लांब. मी फिरून नाही थकलो, मित्रांनो, हे ऐकून थकलो.

धाकटीच्या प्रश्नाला आधी पलीकडच्या टेबलावरून आईनेच उत्तर दिलं. "हे? बागेतल्या झोक्यावर बसले तरी यांचे डोळे पांढरे होतात."

"तू गप्प बस गं," बाबा म्हणाले. मग फडकं खाली ठेवून खुर्चीत बसले. "नाही बसलो. भीती वाटते. लोकांची तिकिटं झोपेतसुद्धा काढीन, पण स्वतःचं नाव घालायला गेलो की कॉम्प्युटरच बंद करून टाकतो."

दारातल्या मैत्रिणींचं हसू विरलं. एक हळूच म्हणाली, "चला गं, निघू या."

गोलावरची धूळ उद्या पुसली तरी चालते, मित्रांनो. लेकरं मात्र उद्यापर्यंत तेवढीच राहत नाहीत. माझ्यासारखं जागच्या जागी फिरत बसू नका, एवढंच या म्हाताऱ्याचं मागणं.

धाकटीने खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. परीक्षा संपली की आपण तिघं ताईकडे जातोय. नावं मी घालते. बाबा, तुम्ही मधल्या सीटवर बसायचं, एका बाजूला आई, एका बाजूला मी. डोळे मिटून घेतलेत तरी चालेल. ते ताईला मी सांगणार नाही."