आधी मोजणी, मग थेंब

मोजणीवाल्या ताईंचं डोकं सकाळीच तापलं. शिंपीकाकांच्या बुबुळाचा बाक त्यांनी यंत्रावर तीनदा मोजला, आणि तिन्ही वेळा वेगळाच आकडा आला. मोतीबिंदू काढल्यावर बसवायचं भिंग याच आकड्यांवरून ठरणार होतं. ते चुकलं असतं, तर काकांना सुईचं नेढं जन्मभर पुसटच दिसलं असतं.

“काका, आत येण्याआधी डोळ्यात काही घातलं होतं?”

“त्या सिस्टरबाईंनी बधिर करायचे थेंब घातले, मग डोळ्याला काहीतरी टेकवून दाब मोजला. म्हणाल्या, रांग लवकर सरकते.”

ताई तरातरा बाहेर गेल्या. “डोळ्याला कुणी हात लावायच्या आधी माझी मोजणी, हे किती वेळा सांगायचं? थेंबांनी आणि टेकवण्यानं बुबुळाचा आकडा हलतो!”

“एवढं काय बिघडलं? तिन्हींतला मधला आकडा लिहा,” सिस्टर म्हणाल्या. “परवा ऑपरेशन आहे.”

“तुमच्या कपड्यांचं माप काका असंच अंदाजपंचे घेतात का?”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मागोमाग बाहेर आलेले काका मात्र ताईंवरच उखडले. “दुकान बंद ठेवून आलोय मी. भांडणं तुमची आणि हेलपाटे माझे?”

ते खरंच होतं, म्हणून ताईंचा संताप आणखी वाढला. त्यांनी मोजणीचा कोरा कागद नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. “परवाचं रद्द करा. दोन दिवस डोळा निवू दे, मग पुन्हा मोजते.”

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तारीख खोडली.

“येतो पुन्हा,” काका दारातून गुरगुरले, “पण त्या सिस्टरबाईंना माझ्या डोळ्यापासून लांब ठेवा.”