लेडीच्या विरुद्ध वीस युरो

लेडी जिंकली तर सोळा युरो, स्मोक जिंकला तर एकशे वीस. मॉसी हॅकेटने हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा उत्तर तेच आलं आणि तिन्ही वेळा ते त्याला नकोसं वाटलं.

कारण लेडी घरची होती. त्याच्या मेहुण्याची, दिनीची शर्यतीची कुत्री. हंगामातली शेवटची शर्यत आज ती धावणार म्हणून क्लूनरो गावातून दोन बस भरून माणसं आली होती. गावची कुत्री मैदानात असताना स्मोकसारख्या परक्या कुत्र्यावर पैसे लावणारा माणूस क्लूनरोत अजून जन्मला नव्हता. सगळ्यांनी प्रेमाने इतके पैसे ओतले की प्रेमानेच भाव पडला: वीस लावा, सोळा कमवा.

मॉसीची अडचण वहीत होती. बायकोशी, अ‍ॅट्रॅक्टाशी त्याचा करार होता. एका संध्याकाळी एकच शर्यत, वीसच युरो, प्रत्येक डाव वहीत. हंगामाअखेर वही नफ्यात असली तर लेडीचं धाकटं भावंड, पांढऱ्या पंजांचं ते पिल्लू, घरी येणार. तोट्यात असली तर कुत्र्यांचं नाव काढायचं नाही. वही सत्त्याण्णव युरो तोट्यात होती. आणि पिल्लू होतं दिनीकडे.

"लावलेस का दाजी?" दिनीने त्याच्या पाठीत थाप मारली.

"लावतो की."

"मग इथेच का रेंगाळतोयस? म्हातारा झालास!"

मॉसी बुकींच्या रांगेत गेला. लेडीला बाहेरच्या कडेने धावायची खोड, आणि तिला सुटण्यासाठी मिळाला होता आतला, पहिला पिंजरा. वळणावर ती सगळ्यांना आडवी जाणार, हे वहीत टिपलेल्या जुन्या शर्यती ओरडून सांगत होत्या. स्मोक सहाव्यात, एकदम बाहेर, आणि सुटायला चपळ.

"स्मोक. वीस," तो फिलोमेना बुकीच्या कानाशी पुटपुटला.

"जरा मोठ्याने बोल, पाद्रीला पाप सांगायला आलायस का?"

कुत्र्यांपुढे पळणारा यांत्रिक ससा सुसाट निघाला, पिंजऱ्यांची दारं उघडली आणि सहा कुत्री गोळीसारखी सुटली. पट्टेरी कोटातला स्मोक पुढे! पहिल्या वळणावर लाल कोटातली लेडी सवयीने बाहेर वळली ती थेट निळ्या कोटावर आदळली, निळा पांढऱ्यावर. क्लूनरो कण्हलं. पण लेडी ती लेडीच! सावरली, पाठ ताणून एकेकाला मागे टाकू लागली. शेवटच्या वळणावर तिसरी, सरळ पट्ट्यात दुसरी, आता स्मोकच्या शेपटीशी, आता मानेशी!

"लेडी! लेडी!" मॉसी बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि खिशात पावती चुरगळत होता. खोटं ओरडत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

दोघं एकदमच रेषेवर. फोटो मागवला. गाव टाचा उंचावून उभं. मग फलकावर आकडा आला: सहा.

"मॉसी हॅकेट!" फिलोमेनाचा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. "क्लूनरोतून स्मोकवर तू एकटाच रे! ये, तुझे एकशे चाळीस घेऊन जा."

दोन बसभर माणसं वळली.

"दाजी?" दिनी म्हणाला.

मॉसीने वही पुढे केली. लेडी आतल्या पिंजऱ्यातून पाच वेळा धावलेली. एकदाही तिसऱ्याच्या वर नाही. दिनीने पान दोनदा वाचलं.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"मंगळवारी सांगितलं. तू म्हणालास, राणीला पिंजरा कुठला का असेना."

दिनीचा चेहरा लाल झाला, मग तो खो खो हसत सुटला. "पिल्लू घेऊन जा. फुकट! पण दर रविवारी ही वही घेऊन माझ्याकडे यायचं. आणि जिंकलायस तर आज चिप्स तुझ्याकडून, आमच्या घरच्या अकराही जणांना."

रिवाजच तो. अकरा पुडे, चव्वेचाळीस युरो. मॉसीने पेन काढून आकडा वहीत लिहायला घेतला. तेवीसचा नफा पुन्हा एकवीसच्या तोट्यात गेला!

अ‍ॅट्रॅक्टाने मागून येऊन त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "चिप्स धावल्या होत्या का?"

"नाही."

"मग वहीत कशाला लिहितोस? घरखर्चात जातील. माझ्या पाकिटातून दे."

तर वही तेवीसने नफ्यात राहिली. मॉसीचे एकशे वीस भरले क्लूनरो गावाने, प्रेमापोटी. पिल्लू दिलं दिनीने. आणि चिप्सचे चव्वेचाळीस अ‍ॅट्रॅक्टाने.