पहिल्या पाण्याचा मान

ताकाओकातलं आमचं सार्वजनिक न्हाणीघर यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आजोबांपासूनचं. दार उघडायच्या आधी मालकाने हौदात उतरायचं, पायाला पाणी पटलं की गिऱ्हाईक आत. भिंतीवर तापमापक आहे, पण आमच्या तोकुजींच्या पायांपुढे त्याला कोणी विचारत नाही.

गेली दोन वर्षं हे पाण्याची आच वाढवत चालले होते. तातामी चटया विणणारे निवानो-सान हौदातून लालबुंद होऊन बाहेर यायचे.

"मालक, मी आंघोळीला येतो, शिजायला नाही!"

"मग घरी बादलीत बसा," हे म्हणायचे.

शेवटी एका दुपारी हेच हौदाच्या काठावर कोसळले.

हृदय पार थकलं होतं. दुसऱ्याचं बसवायचं वय निघून गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी पंप सुचवला. छातीत यंत्र, पोटातून बाहेर येणारी वायर, खांद्याला बॅटऱ्यांची पिशवी. सोबतीला सतत एक माणूस हवं, बॅटऱ्या बदलायला शिकलेलं. आणि हौदात उतरणं जन्मभर बंद.

"मग राहू दे," हे म्हणाले. "पाण्यात न उतरणारा मालक काय कामाचा?"

"मला आहे कामाचा," मी म्हणाले. डॉक्टरांसमोर असलं बोलायची मला सवय नाही. यांनी सही केली.

बॅटरी बदलायची परीक्षा मी पास झाले. हे पलंगावरून सूचना देत होते, सगळ्या चुकीच्या.

पंप रक्त सलग ढकलतो, म्हणून पंपवाल्याची नाडी हाताला लागत नाही. स्वभाव मात्र लगेच लागतो. घरी आल्यावर हे गल्ल्याच्या उंच खुर्चीत बसायला लागले आणि पाणी मी बघू लागले, तापमापकावर. गिऱ्हाईकं खूश होती. "डाळ भिजत घालायचं पाणी आहे हे," असं हे येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

एकदा उघडायच्या आधी बघते तर हे हौदाच्या काठावर, सदरा काढून, पिशवी हातात घेऊन उभे.

"एकदाच. गळ्यापर्यंत."

"उतरा. मागोमाग मीही कपड्यांसकट उडी मारते. मग बॅटरी कोण बदलेल ते बघा." आवाज माझा मलाच ओळखू येईना. मी भयंकर घाबरले होते.

हे हलले नाहीत. मी स्टूल ओढलं, सदरा यांच्या अंगावर टाकला, लाकडी बादलीत पाणी काढलं आणि यांच्या जुन्या आचेवर येईपर्यंत कढत पाण्याचा नळ सोडला.

"पायांना बंदी नाही. पहिलं पाणी तुमचंच. बसा."

यांनी पाय घातले आणि झटक्यात बाहेर काढले.

"आई गं! भाजलं! कोणी तापवलं एवढं?"

"तुम्हीच. दोन वर्षं रोज."

हे पायांकडे बघत राहिले. तेच पाय दोन वर्षं अंथरुणात माझ्या पोटरीला लागायचे, गार आणि बधिर, आणि मी वयाला दोष देऊन कूस बदलायचे. तिथवर रक्तच पोचत नव्हतं; आता पंप पोचवत होता.

"म्हणजे निवानो..."

"शिजत होते."

हे हळूच म्हणाले, "थंड घाल थोडं."

मी घातलं. यांनी पाय सोडले, डोळे मिटले. बाहेर काढले तेव्हा पाय गुलाबी झाले होते. मी ते पुसत बसले, लागतो त्याहून जास्त वेळ. दारावर निवानो-सानची थाप पडली.

"थांबा जरा!" हे आतून ओरडले. "मालक पाणी बघतोय!"